किल्ल्याएवढा मावळा

‘ड्रॅगन क्वेस्ट’ ह्या जपानी व्हिडिओ गेमचा नायक गावाबाहेर पडून नकाशावर आला की तो आणि राजवाडा एकाच मापाचे होतात. एक चौकोन तो, एक चौकोन राजवाडा, एक चौकोन डोंगर. मूळ १९८६ सालच्या गेममध्ये हे असंच होतं. चार पावलं टाकली की माळरान संपतं, आणखी काही टाकली की जंगल. राजवाड्याएवढा माणूस राजवाड्याच्या दारातून आत कसा जातो, हा प्रश्न खेळताना कुणालाच पडत नाही.

दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला तर तो पडूच नये. आमच्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजाच्या उंचीचा असायचा. महाराजांच्या सिंहासनाने अर्धी माची व्यापलेली असायची. गुहेतला वाघ महादरवाज्यातून आत शिरला असता तर कमानीसकट दरवाजा घेऊन गेला असता. पायथ्याशी अळीव उगवून आलं की ते जंगल, आरशाचा तुकडा ठेवला की तो तलाव, आणि कुणाच्या तरी घरातली प्लॅस्टिकची जीप शिवकाळातल्या रस्त्यावर बिनधास्त उभी. ‘प्रमाण चुकलंय हं’ असं म्हणणारे एखादे काका दर वर्षी यायचे. त्यांना चकली द्यायची आणि मातीत पुन्हा हात घालायचा.

मी ज्या गेम्सबद्दल लिहितेय त्या ह्याच जातीच्या आहेत. जुन्या वळणाच्या, पाळीपाळीने लढण्याच्या जपानी रोल-प्लेइंग गेम्स, म्हणजे आरपीजी. तीन-चार जणांची टोळी, एक मोठा नकाशा, वाटेत अचानक उपटणारे राक्षस, गावोगावी तेच तेच वाक्य बोलणारी माणसं. आणि ह्या मी खेळते त्या आजच्या कन्सोलवर, ज्याला माणसाच्या दाढीचा एकेक केस आणि चिलखतावरून ओघळणारा पावसाचा थेंब दाखवता येतो. नवऱ्याचा ह्यावर कायमचा आक्षेप आहे. “एवढा महागाचा डबा घेतला, तो ही ठिपक्याठिपक्यांची बाहुली चालवायला?” हो. त्यासाठीच.

ह्या आवडीचं एक तयार उत्तर असतं: लहानपणीची आठवण. जपानमधल्या माझ्या वयाच्या माणसाला ते लागू पडतही असेल. आपल्याकडे मात्र ते लागू पडत नाही. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आला तो ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल. मनीष मार्केटमधून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून किंवा गल्फहून आलेल्या मामाच्या बॅगेतून. त्याच्या पिवळ्याधमक कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ असं छापलेलं, आणि आत फिरून फिरून त्याच गेम्स: मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारण्याची, रणगाड्यांची. चालली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. ह्या सगळ्या गेम्स एका बैठकीत संपणाऱ्या होत्या. मरा, पुन्हा पहिल्यापासून. आरपीजी त्या कॅसेटमध्ये मावणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या आठवडेच्या आठवडे चालतात, त्यामुळे खेळ जपून ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागते, नाहीतर दुसरा काहीतरी जुगाड. वर त्यात वाचायचं ढीगभर, आणि ते जपानीत. म्हणजे ज्या काळात तिकडची पोरं राक्षस मारून तलवारीसाठी पैसे साठवत होती, त्या काळात आम्ही वरून पडणाऱ्या बॉम्बांखाली लोळत होतो.

मला ह्या गेम्स भेटल्या तिशी उलटल्यावर, निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर. निन्टेन्डो तो भारतात अधिकृतपणे विकत नव्हती, त्यामुळे तोही असाच कुणाच्या तरी बॅगेतून आलेला. तेव्हा ह्या आवडीला आठवणींचं भांडवल नाही. जे काही आहे ते त्या खेळातच असणार, आणि ते काय आहे हे शोधायला मला पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पर्यंत मागे जावं लागलं.

युजी होरी हा मुळात लिहिणारा माणूस. ‘शोनेन जम्प’ ह्या साप्ताहिकात लेखन करायचा. एनिक्स कंपनीच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत त्याची टेनिसची गेम निवडली गेली, कोइची नाकामुरा नावाच्या कोवळ्या पोराचीही एक निवडली गेली, आणि त्यानिमित्ताने हे दोघं अमेरिकेत ॲपलच्या मेळाव्याला गेले. तिथे त्यांना ‘विझर्ड्री’ भेटली. संगणकावरची आरपीजी, अंधाऱ्या तळघरांची, महाकठीण, कागद-पेन्सिल घेऊन नकाशे काढत खेळण्याची. अशी गेम साध्या घरातल्या टीव्हीवर, दोन बटणांच्या कंट्रोलरवर खेळता आली तर? ह्या एका प्रश्नातून २७ मे १९८६ला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आली. चित्रं अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचं, आणि सगळं मिळून जागा ६४ किलोबाइट. सकाळी घरच्या ग्रुपवर येणारा सुप्रभातचा एक गुलाबही त्याहून जड असतो.

ह्या ६४ किलोबाइटमध्ये काय काय बसवलं आणि काय काय सोडलं, हे वाचताना मला एखादी सुगरण पाहिल्यासारखा आनंद होतो. जपानीच्या कातकाना लिपीतली सगळी अक्षरं ठेवायला जागा नव्हती, म्हणून सुमारे २० ठेवली आणि राक्षसांची, मंत्रांची नावं त्यांतूनच जुळवली. नायकाची पाठमोरी आणि बाजूची चित्रं परवडली नाहीत, म्हणून तो उत्तरेला चालो की पश्चिमेला, तोंड कायम आपल्याकडे, खेकड्यासारखा तिरका. बॅटरीही नव्हती. खेळ थांबवायचा तर राजा २० अक्षरांचा एक मंत्र सांगायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की झालं! तिकडच्या किती घरांत त्यावरून धाकट्या भावांनी मार खाल्ला असेल.

पण होरीची खरी कमाल सुरुवातीच्या खोलीत आहे. खेळ सुरू होतो तो राजाच्या दरबारात, आणि दरबाराचं दार बंद असतं. राजाशी बोलल्याशिवाय कळत नाही काय करायचं. पेटी उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही. किल्लीशिवाय दार नाही, दाराशिवाय जिना नाही. बाहेर पडेपर्यंत खेळणाऱ्याला बोलणं, घेणं, उघडणं, उतरणं सगळं आलेलं असतं, आणि आपल्याला काही शिकवलं गेलं ह्याचा पत्ताही नसतो. खिशात १२० सोन्याची नाणी. बांबूची काठी १०ला, सोटा ६०ला, तांब्याची तलवार १८०ला. म्हणजे तलवार दिसते, पण परवडत नाही. बाहेर आलं की समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे अगदी हाकेच्या अंतरावर शेवटच्या शत्रूचा, ड्रॅगनच्या राजाचा किल्ला. पहिल्या मिनिटाला तो दिसतो. मधे दोन बोटं पाणी आहे आणि ते ओलांडायला अख्खी गेम लागते.

वाटेत मेलात तर राजापुढे उभे राहता. राजा चार शब्द सुनावतो, निम्मे पैसे जातात. मिळवलेला अनुभव मात्र पूर्ण तुमच्याकडे राहतो. कॉन्ट्राच्या पोराला ही माया ठाऊक नव्हती.

सुगियामाच्या संगीताबद्दल एकच सांगते. २३ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन. रिकामं स्टेडियम, घरोघरी मास्क, आणि आपल्यापैकी अनेक जण मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन कधी येतात ह्याची वाट बघत टीव्हीसमोर. खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते ज्या तुताऱ्यांवर, ती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सुरावट होती. जगातल्या बहुतेकांना ती एखाद्या सैन्याची धून वाटली असेल. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले आणि सासूबाईंनी विचारलं, “आपलं राष्ट्रगीत आहे का?”

ही झाली जुनी गोष्ट. आजच्या कन्सोलवर ह्या गेम्स कशा दिसतात, ते जास्त मजेचं आहे. २०१८मध्ये स्विचवर ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ आली आणि स्क्वेअर एनिक्सने एचडी-टूडी नावाची शैली रूढ केली. माणसं जुन्याच पद्धतीची, ठिपक्यांची, चपटी. ती ज्या जगात उभी आहेत ते मात्र घडीव, खोलीचं. त्यात खरा उजेड पडतो, पाणी चमकतं, जवळचं आणि लांबचं थोडं धूसर होतं. कॅमेऱ्याची नजर जणू एखाद्या टेबलावर मांडलेल्या छोट्या जगावर वाकलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळलं की हा तर आमचा किल्ला. चपटी मातीची चित्रं, खरी माती, आणि मागे लपवलेला पिवळा बल्ब. १९८८ची ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ ह्याच शैलीत नव्याने नोव्हेंबर २०२४मध्ये आली. तोरियामा त्याच वर्षी मार्चमध्ये गेला, सुगियामा २०२१मध्येच. त्यांचा स्लाइम, तो निळा हसरा थेंब, नव्या प्रकाशात तसाच टुणटुणत होता. (होरीने म्हणे चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी काढून दिलं होतं. तोरियामाने त्याचा थेंब केला आणि डोळे दिले. राक्षसाला पहिल्या भेटीतच लाडका करणं सोपं नाही.)

मुद्दा असा की आता जागेची टंचाई नाही. राजवाडा खऱ्या मापाचा दाखवता येतो, माळरान खरोखर दहा मैलांचं करता येतं. अनेक गेम्स तसं करतातही, आणि मग त्या दहा मैलांवर घोडा दौडवत आपण कंटाळतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ने नकाशा प्रतीकाचाच ठेवला. नव्या आवृत्तीत गावं जरा ऐसपैस झाली आहेत, तरी नायक वेशीपाशी आला की डोकं छपरांना लागतं. संकेत टंचाईतून जन्मला होता खरा, पण टंचाई संपल्यावर तो गळून पडला नाही, कारण तो काम करत होता. एका चौकोनाच्या राजवाड्यात मी मला हवा तेवढा मोठा राजवाडा पाहते.

आणि ह्या नकाशात आपणही आहोत! ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’चं जग पृथ्वीच्याच आकारावर बेतलेलं. रोमच्या जागी रोमारिया, इजिप्तच्या जागी इसिस, जपानच्या जागी जिपांग. पोर्तुगालच्या जागी पोर्तोगा नावाचं बंदर, तिथल्या राजाकडे जहाज आहे, आणि जहाजाच्या बदल्यात त्याला हवी आहेत काळी मिरी. ती मिळतात पूर्वेला, बाहाराता नावाच्या गावात, जे नकाशावर बरोबर हिंदुस्थानच्या जागी आहे. मी वाचलं आणि मोठ्याने हसले. १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला ज्याच्यासाठी आला, १५१०मध्ये ज्या व्यापारापायी गोवा घेतला गेला, ते सगळं इथे एका निरोप्याच्या कामात बसवलेलं. फक्त इथे पोर्तुगीज राजा तोफा घेऊन येत नाही, पोरांना पाठवून मागवून घेतो.

बाहारातात मिरीचं दुकान बंद, कारण दुकानदाराची नात डाकूंनी पळवलेली. तिला सोडवायला गेलेला तिचा प्रियकरही अडकलेला. मूळ जपानी गेममध्ये त्याचं नाव गुप्ता. दोघांना सोडवलं की गुप्ता दुकान चालवायला घेतो आणि पहिली मिरी फुकट देतो. माझ्या आजोळी, कोकणात, सुपारीवर चढलेल्या मिरवेली होत्या. मिरी वाळवायला घातली की पोरांना राखण. त्या मिरीसाठी अख्खा समुद्र ओलांडला जायचा हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, पण ते गंमत म्हणून अंगाला लागलं ते एका जपानी गेममध्ये, मूठभर मिरीच्या बदल्यात जहाज हातात आलं तेव्हा. जहाज मिळतं आणि नकाशा एकदम चौफेर उघडतो. राजा फसला असं मात्र मला अजूनही वाटतं.

आता लढाईकडे. ह्या गेम्सवर सर्वांत जास्त टीका होते ती इथेच, आणि भाच्याने ती नेमक्या शब्दांत केली. तो बाजूला बसून बघत होता.

“आत्या, तो समोरचा मारत का नाहीये?”

“कारण आत्ता माझा टर्न आहे.”

“मग तू का मारत नाहीयेस?”

“विचार करतेय.”

तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आणि तू जेवून आलीस तरी तो तसाच उभा राहील?”

राहील. मी दूध उतू जाईल म्हणून धावत जाऊन आले तरी राहील. फोनवर अर्धा तास बहिणीशी बोलून आले तरी राहील. ह्याला तो हसला, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. बोटांच्या वेगावर जिंकण्याचं त्याचं वय आहे. माझ्या दिवसातली झाडून सगळी यंत्रं माझ्याकडून लगेच काहीतरी मागत असतात. निळ्या बरोबरच्या खुणा, लाल गोल, ‘आत्ता उत्तर द्या’. हा एकच पडदा असा आहे की ज्यावर जगाचा अंत करायला निघालेला राक्षससुद्धा माझं ठरेपर्यंत थांबतो. लढाई म्हणून हे हास्यास्पद आहे. पण मावळाही बुरुजाएवढा होताच ना? इथे वेळेचं प्रमाण तसं ठरवलंय, एवढंच. आणि थांबलेल्या त्या वेळात खरंच विचार होतो: आत्ता जखम भरायची की आणखी एक घाव घालायचा, मंत्राची ताकद ह्याच्यावर खर्चायची की परतीच्या वाटेसाठी ठेवायची. ह्यातल्या बऱ्याचशा लढाया जिंकल्या जातात त्या गुहेत शिरण्याआधी, दुकानात, काय घेतलं आणि काय परवडलं नाही त्यावर.

लेव्हल वाढवण्यासाठी तेच तेच राक्षस मारत फिरण्याबद्दल मी फार लिहीत नाही. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये एका स्लाइमचा अनुभव १, दुसऱ्या लेव्हलला लागतात ७. सात स्लाइम मारा, एक पायरी चढा. कष्टाचा हिशेब इतका चोख मांडणारी दुसरी जागा मला भेटलेली नाही, निदान पगारवाढीच्या पत्रात तरी नाही.

नव्या आवृत्त्यांमध्ये सोयी खूप आल्यात, आणि त्यांतल्या काहींशी माझं भांडण आहे. लढाईचा वेग वाढवायची सोय चांगली. आपोआप सेव्ह होणं तर उपकारच. पुढे कुठे जायचं त्याची खूण नकाशावर दाखवायची सोय मी बंद ठेवते, कारण मग गावातल्या माणसांशी बोलायचं कारण उरत नाही, आणि त्यांच्या वेड्यावाकड्या बोलण्यातून माहिती वेचणं हीच निम्मी गंमत. अगदी सोपी पातळी ठेवली तर टोळी मरतच नाही; ती लहान मुलांसाठी असू दे.

माझा खरा आक्षेप आहे तो ‘फायनल फँटसी’ ह्या दुसऱ्या जपानी आरपीजी मालिकेच्या पहिल्या सहा भागांच्या नव्या आवृत्तीतल्या, म्हणजे पिक्सेल रीमास्टरमधल्या, एका बटणावर. २०२३मध्ये ह्या गेम्स कन्सोलवर आल्या तेव्हा वाटेतल्या अचानक लढाया, म्हणजे रँडम एन्काउंटर, सरसकट बंद करायची सोय त्यात आली. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. चालता चालता पडदा फिरून लढाई सुरू होणं हे ह्या गेम्सचं सर्वांत जुनं दुखणं मानलं जातं, आणि गुहेत रस्ता चुकलेला असताना मीही दातओठ खाल्लेत. पण ते बटण दाबून पाहिलं तेव्हा नायक खरोखरच चार चौकोन चालून पलीकडे गेला. चार चौकोन, बास. मग लक्षात आलं की ह्या नकाशावर अंतर मोजलं जातं ते पावलांनी नव्हे, पावलागणिक वाटणाऱ्या धास्तीने. औषधं संपत आलीत, पुढचं गाव बारा चौकोनांवर आहे, आणि प्रत्येक चौकोनाला काहीतरी उपटू शकतं: तेव्हा ते बारा चौकोन पुणे-सातारा असतात, खंबाटकी घाटासकट. लढाया काढल्या की नायक राजवाड्याएवढाच दिसू लागतो आणि राजवाडा एक ठिपका. त्या प्रमाण चुकल्याचं सांगणाऱ्या काकांचा विजय होतो.

म्हणून ‘हे सगळं आता कालबाह्य झालं’ असं ऐकलं की मला घाई झालेली माणसं आठवतात. ‘फायनल फँटसी’ने स्वतः हा रस्ता सोडला, २०२३ची सोळावी संपूर्ण धावपळीची, तलवारबाजीची. चांगली होती, मी अर्ध्यात ठेवली. आणि मग एप्रिल २०२५मध्ये फ्रान्समधल्या माँपेलियेच्या सँडफॉल नावाच्या नव्या स्टुडिओने ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३’ आणली. पाळीपाळीनेच लढायची, नकाशावर नायक डोंगराच्या मानाने अवाढव्य, आणि वर्षाअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातली सर्वोत्तम गेम म्हणून निवडलेली. तिच्यात शत्रूचा घाव नेमक्या क्षणी चुकवायला लागतो, म्हणजे दूध उतू जाताना उठून जायची सोय नाही. माझ्यासाठी ती वजाबाकी. भाच्यासाठी मात्र हाच पूल ठरला; सध्या तो ती खेळतोय आणि स्वतःच्या टर्नला थांबून विचार करतोय, हे त्याला मी अजून दाखवून दिलेलं नाही.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी नव्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’पासून करावी. क्रमाने तिसरी असली तरी कथेच्या काळात ती पहिल्या दोन्हींच्या आधीची आहे, आणि त्या दोन्हीही आता, ऑक्टोबर २०२५मध्ये, ह्याच रूपात आल्यात. सुरुवातीला गुत्त्यात जाऊन आपली टोळी जमवायची असते. सगळे शहाणे लोक लढवय्या, वैद्य आणि मांत्रिक घेतात. मी सांगते, एक विदूषक घ्या. ऐन लढाईत तो फालतू विनोद करतो, दिलेली आज्ञा ऐकत नाही, घाव घालायचा सोडून भलतंच काही करत बसतो. तुम्हाला त्याला हाकलून द्यावंसं वाटेल. २०व्या लेव्हलपर्यंत दम धरा. तिथे पोचल्यावर मठात जाऊन व्यवसाय बदलता येतो, आणि ज्ञानी होण्यासाठी बाकीच्यांना एक दुर्मिळ पोथी लागते, विदूषकाला काहीच लागत नाही. फक्त तोवर वैद्याला जरा जास्त काम पडेल. औषधी पाला थैलीत भरपूर ठेवा.